तीस वाजले तरी तारीख हो म्हणते

माझ्या धंद्यात तारीख ही एक वस्तू असते. आम्ही तिला डेट ऑब्जेक्ट म्हणतो. ती तयार करायची, तिला वर्ष, महिना, दिवस द्यायचा, मग तास आणि मिनिटं द्यायची. ही वस्तू इतकी गरीब की तिला काहीही सांगा, हो म्हणते. तास तीस कर म्हणा. घड्याळात तीस कधी वाजत नाहीत हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. पण ही बया ओरडत नाही, अडवत नाही. तीसमधून चोवीस वजा करते आणि गुपचूप दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा होऊन बसते.

लोकांना वाटतं, कॉम्प्युटर अडला की घोटाळा होतो. साफ चूक. कॉम्प्युटर जिथे अडत नाही तिथे घोटाळा होतो. अडला तर माणूस फोन तरी करतो. नाही अडला तर खोटी वेळ छापून येते, तिच्यावर शिक्का बसतो आणि काउंटरपलीकडून वाक्य येतं, "सिस्टीममध्ये असंच दिसतंय." या वाक्याची मला चीड आहे. त्याहून जास्त भीती आहे, कारण सिस्टीममध्ये जे दिसतं ते माझ्यासारख्या कोणीतरी घाईत लिहिलेलं असतं.

अनुभव लिहितात ती माणसं बहुतेक निवृत्त असतात. मी तिशीतही पोचलेले नाही. शिवाय मला सवय पत्रकं लिहायची. शिरवण्यात आमच्या कंत्राटी कामगारांच्या युनियनची एक खोली आहे. खाली झेरॉक्सवाला, वर आम्ही. कॉलेजात असल्यापासून रविवारी तिथे बसते. जे सांगायचं ते एका कागदावर मावलं पाहिजे आणि दोषी कोण हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे, हे मी तिथे शिकले. सोमवारपासून शनिवारपर्यंत रबाळ्याला एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचे. या लेखात दोषी कोण ते पहिल्या ओळीत लिहिता आलं नाही. का, ते पुढे कळेल.

आधी थोडे साधे किस्से, म्हणजे बाहेरच्या माणसाला धंदा समजेल.

नेरुळच्या एका दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट आमच्याकडे आली. पेशंटला अपॉइंटमेंट एकदम पहाटे साडेपाचची जायची. झालं होतं एवढंच, की लिहिणाऱ्याने नुसती तारीख दिली होती, वेळ दिलीच नव्हती. वेळ दिली नाही की कॉम्प्युटर ती स्वतः धरतो, आणि धरतो ती मध्यरात्र, तीही इंग्लंडातली. तिथे मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. एक आजोबा खरंच कानटोपी घालून पहाटे दवाखान्याच्या शटरसमोर जाऊन बसले होते. डॉक्टर हसत होते. मला काही हसू आलं नाही. आजोबांनी वेळ पाळली होती.

दुसरे एका सोसायटीचे सेक्रेटरी. दर महिन्याला सभासदांना सूचना जायची, त्यांची फेब्रुवारीची सूचना गेलीच नाही, थेट मार्चची गेली. फोनवर मला म्हणाले, "अहो मॅडम, आमच्या बिल्डिंगचा फेब्रुवारी तुम्ही रद्द केलात की काय? केला असेल तर तसं लेखी द्या, मी नोटीस बोर्डावर लावतो." एकतीस जानेवारीला बसून तारखेला नुसतं 'महिना फेब्रुवारी कर' म्हटलं की असंच होतं. फेब्रुवारीत एकतीस नाही. ती अडत नाही, मार्चमध्ये जाऊन बसते.

हे किस्से चहाबरोबर सांगायचे. आता जो सांगते तो चहाबरोबर सांगता येत नाही.

एका रविवारी दत्तादादा म्हात्रे युनियनच्या खोलीत आले. शिरवणे गावठाणातलेच, वडील मिठागरावर होते. रबाळ्याच्या एका केमिकलच्या कारखान्यात हे बॉयलर अटेंडंट, म्हणजे बॉयलरची आग आणि पाणी सांभाळणारा माणूस. त्याला सरकारी परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. एवढं असून दादा चौदा वर्षं ठेकेदाराकडेच. का, हे मला विचारू नका. त्यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत.

दादांनी खुर्ची ओढली नाही. उभ्यानेच कागद पुढे केला. "बाय, वाच. माज्या डोल्यासमोर अक्षरं नाचतान."

आरोपपत्र होतं. अमुक तारखेला रात्रपाळीत पहाटे बॉयलरमधलं पाणी कमी पडलं, नळ्या तापल्या, बॉयलर आपोआप बंद झाल्यामुळे मोठा अपघात टळला. रात्रपाळीवर नेमलेले दत्ता म्हात्रे त्या वेळी जागेवर नव्हते. ते सकाळी सहा सत्तावन्नला कामावर आले. कामावरून का काढू नये आणि परवाना रद्द करण्याची शिफारस का करू नये, याचा खुलासा करावा.

"दादा, खरं काय ते सांगा. गेला होतात का रात्री?"

"म्हंजे? आग कोनी विझवली मंग? आपोआप बंद झाला म्हनं! आपोआप बंद झाला असता तं मी कशाला नाचलो तिथं? पान्याचा फीड पंप बसला, पानी उतराया लागलं, मी हातानं तेल बंद केलं. सकाली माजा रिलिव्हर आला नाय, म्हनून दुपारी तीनपर्यंत मीच."

रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. बॉयलरवरचा रिवाज असा, की रिलिव्हर येऊन समोर उभा राहीपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही. पेटलेल्या बॉयलरला एकटं ठेवत नाहीत. रिलिव्हर आलाच नाही तर तोच माणूस पुढची पाळीही करतो. याला 'डबल मारणं' म्हणतात. डबलचा हिशेब ठेकेदार वेगळा ठेवतो, कारखान्याच्या कागदावर तो येत नाही. बहुतेकांना ते माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.

"जोडीला कोण होतं?"

"हेल्पर होता. त्याला ठेकेदारानं लगोलग तलोज्याच्या साइटीवर धाडला, फोन उचलंत नाय. सुपरवायझर सांगतो, तो दुसऱ्या प्लांटला होता. लॉगशीट दाखवली तं बोलतान, मागाहून भरली असंल, हातानं काय पन लिवता येतं." दादांनी कागदावर बोट आपटलं. "बोलतान, मशीन खोटं बोलत नाय, म्हात्रे. घरी बायकू पन तेच इचारते आता. रातचं कुठं गेलता?"

आरोपपत्रामागे हजेरीचा प्रिंटआउट जोडला होता. इन सहा सत्तावन्न, आउट तीन दहा. वर कोपऱ्यात एक छोटं निळं चिन्ह. ते चिन्ह मी रोज बघते. आमच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर.

आधी वाटलं, दादा खोटं बोलत असतील तर बरं. हो, असं वाटलं. माणूस खोटं बोलत असेल तर निदान बाकी सगळं जागेवर राहतं.

सोमवारी ऑफिसात गेले आणि हजेरीचं कोड उघडलं. ते लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता, मी हजेरीला कधी हात लावला नव्हता. आमच्याकडे चालू कोडला हात लावायचा नाही, असा नियमच. शोधायला फार वेळ लागला नाही, हेच भयंकर. चूक दोन ओळींची होती.

सोप्या शब्दात सांगते. माणूस पाळीपेक्षा खूप जास्त थांबून बाहेर पडला, की त्याची हजेरी दोन पाळ्यांत तोडायची, असं काम होतं. दुसरी पाळी कधी सुरू झाली? पहिली सुरू झाली त्यात आठ तास मिळवायचे. बरोबर आहे. लिहिणाऱ्याने पहिल्या पाळीची वेळ घेतली, तिला 'दुसरी पाळी' असं नाव दिलं आणि तिचे तास आठने वाढवले. त्याला वाटलं, आपण झेरॉक्स काढली आणि झेरॉक्सवर खाडाखोड केली. झेरॉक्स निघालीच नव्हती. कागद एकच होता, त्याला नावं दोन पडली होती. खाडाखोड मूळ कागदावर झाली.

रात्रीच्या दहा सत्तावन्नमध्ये आठ तास मिळवले की बावीस आणि आठ, तीस. तीस वाजले. तारीख हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा सत्तावन्न झाली. पहिली पाळी तीच, दुसरी पाळीही तीच. दोन नोंदी सारख्या दिसल्या म्हणून पुढच्या ओळीने त्यातली एक गाळली. माणूस रात्रभर होता तो पुसला गेला. उरला तो वेळेवर सकाळी कामावर आलेला शहाणा कामगार. पाळी संपल्यावर सरळ घरी गेलेल्यांची हजेरी ठीक होती. रिलिव्हर आला नाही म्हणून जे जे थांबले, फक्त त्यांचीच रात्र आमचं सॉफ्टवेअर खात होतं.

मी अमोल सरांच्या केबिनमध्ये गेले. कंपनी त्यांची. वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मी न मागता त्यांनी सुट्टी दिली होती.

त्यांनी कोड पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "शिट्. ठीक आहे. पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप टाकून देऊ."

"सर, आणि जुन्या नोंदी?"

"त्या कुठून आणायच्या? खरी वेळ राहिलीय कुठे? गेटवरच्या मशीनमध्ये अंगठ्याचे थोडेच पंच राहतात, नवे आले की जुने जातात."

"एका माणसाची चौकशी लागलीय या नोंदीवर. परवाना जाईल त्याचा."

"कोणाची?" मी नाव सांगितलं. "तो आपला एम्प्लॉयी आहे का? क्लायंटने विचारलंय का आपल्याला? वर्षा, ऐक. त्यांचे चार प्लांट आहेत आपल्याकडे. उद्या मी सांगितलं की आमची हजेरी चुकीची आहे, तर परवा इथल्या अकरा जणांनी काय करायचं? तूच त्यांच्यासाठी पत्रक काढशील मग."

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. म्हणून पहिल्या ओळीत नाव लिहिता आलं नाही.

"अपडेट कधी जाणार, सर?"

"या आठवड्यात. आणि तू यात पडू नकोस."

चौकशी शुक्रवारी दुपारी होती. तोपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. जेवण जात नव्हतं एवढं आठवतं. कारण पुरावा म्हणून दाखवायला माझ्याकडे चूकच होती. कंपनीचं कोड बाहेर नेलं तर ती चोरी, आणि पहिली मीच आत. चूक चालू असताना, त्यांच्याच पडद्यावर, त्यांच्याच डोळ्यांदेखत दाखवायची, एवढा एकच मार्ग. सरांनी त्याआधी दुरुस्ती टाकली तर सॉफ्टवेअर खरं बोलायला लागणार आणि दत्तादादा कायमचे खोटे ठरणार. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी चूक जिवंत राहावी म्हणून देवाला हात जोडत होते. रोज सकाळी ऑफिसात आल्यावर आधी बघायचे, अपडेट गेलं का? नाही. मग श्वास सोडायचा. शुक्रवारी मी सुट्टी टाकली, त्यामुळे तेही बघता येईना.

सकाळी दादांना फोन केला. "दादा, आज गेटवर किंवा आत कोणी डबलवर आहे का? तीनला सुटणारा?"

"इथं डबलवर कोन नसतं ते इचार," दादा म्हणाले. "गेटवर शिंदे हाय. रातपासून उभा हाय बिचारा."

चौकशीच्या खोलीत तिघे होते. चौकशी अधिकारी म्हणजे कंपनीने नेमलेले एक वकील, एचआरच्या मॅडम आणि पाण्याच्या बाटल्या आणून ठेवणारा माणूस. कामगाराच्या वतीने युनियनचा प्रतिनिधी बसू शकतो, तशी मी बसले. मी कुठे नोकरी करते ते मी सुरुवातीलाच सांगितलं. मॅडमची मान झटक्यात वर झाली.

"मग तुम्ही तुमच्याच सॉफ्टवेअरविरुद्ध बोलणार?"

"हो."

"म्हणजे ते चुकीचं आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही आम्हाला कळवलं नाही?"

"आता कळवतेय."

वकील साहेब चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा ताई, भाषण नको. यंत्राची नोंद आहे. ती खोटी आहे हे कसं सिद्ध करणार?"

"साहेब, गेटवरचे शिंदे किती वाजल्यापासून ड्युटीवर आहेत ते मॅडमना त्यांच्या लॅपटॉपवर बघायला सांगा. आधी ते लिहून घ्या. मग शिंद्यांना आउट पंच करू द्या."

मॅडमनी बघितलं. इन रात्री दहा अठ्ठावन्न. साहेबांनी लिहून घेतलं. तीनच्या सुमाराला शिंद्यांना बोलावून घेतलं; ते दारातच थबकले, टोपी काढून हातात धरली. साताऱ्याकडचा उंच माणूस, पण डोळे झोपेने लाल झालेले.

"मला मधी घेऊ नगा ताई," ते मला हळूच म्हणाले. "पोरगी बारावीला हाय."

"काही करायचं नाही, मामा. रोजच्यासारखा अंगठा लावा आणि घरी जा."

सगळे गेटवर आलो. दत्तादादा माझ्या मागे उभे, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मॅडमनी लॅपटॉप हातावर धरला होता. माझ्या डोक्यात एकच, अपडेट गेलं असेल तर? आत्ता, या घटकेला, आमच्या ऑफिसच्या एसी केबिनमध्ये बसून सरांनी बटण दाबलं असेल तर?

शिंद्यांनी अंगठा लावला. मशीन 'थँक यू' म्हणालं.

पडद्यावर नोंद हलली. आउट तीन पाच. इन सकाळी सहा अठ्ठावन्न.

मॅडमनी पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. तीच वेळ. वकील साहेबांनी आपल्या हातच्या कागदावरचं दहा अठ्ठावन्न वाचलं आणि पडद्याकडे बघितलं.

शिंदे घाबरून म्हणाले, "साहेब, मी रात्रीपास्नं हाय. आईशप्पत. जेवणाचा डबा पण रात्रीचाच हाय, बघा."

"तुम्हाला कोण काय म्हणतंय?" साहेब एकदम ओरडले. त्यांचाही आवाज चिरकला होता.

दत्तादादा हसतील असं मला वाटलं होतं. ते गेटच्या कट्ट्यावर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून राहिले.

पुढचं थोडक्यात. दादांवरचे आरोप मागे घेतले. तेही सरळ नाही. 'संशयाचा फायदा देण्यात येत आहे' असं लिहिलं. संशय कोणावर? ज्याने हाताने आग विझवली त्याच्यावर! मशीनला कोणी खुलासा विचारला नाही. मशीनवर चौकशी बसली नाही. यावर मी पत्रक काढलं, गेटवर वाटलं, वॉचमनने ते माझ्या हातातून काढून घेऊन स्वतःच्या खिशात घातलं.

अमोल सरांनी मला काढलं नाही. मला काम द्यायचं बंद केलं. महिनाभर मी रिकाम्या पडद्यासमोर बसले, मग राजीनामा दिला. त्यांच्याकडचे दोन प्लांट गेले, असं नंतर कळलं. अकरा जणांपैकी कोणाची नोकरी गेली का, ते मी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही. दुरुस्ती झाली, असं ऐकलं. खात्री कोण देणार? आता ते कोड मला दिसत नाही. आणि याआधी किती जणांची रात्र अशीच पुसली गेली, कोणाला गैरहजर म्हणून काढलं, कोण चूप बसला, हे आता कोणालाच शोधता येणार नाही. मूळ वेळ कुठेही नाही. तीस वाजले तेव्हा ती गेली.

गेल्या महिन्यात एका सकाळी, सातच्या सुमाराला, दत्तादादांचा फोन आला. मी चहा ठेवत होते.

"बाय, रिलिव्हर आला नाय."

मागे बॉयलरची घरघर ऐकू येत होती. काय सांगावं? थांबा म्हणावं तर त्या सॉफ्टवेअरचा मला भरवसा नाही. निघा म्हणावं तर मागे पेटलेला बॉयलर. मी म्हटलं, "दादा, तुम्ही..."

"अगं, तुला इचाराया फोन नाय केला. थांबनार तर हायेच, सोडून जानार कुठं? सांगाया केला. मी रातीपासून हितं हाय, आता पन हितंच हाय. कोनाला तरी ठावं असलेलं बरं. आता तुजा चा होऊंदे."

फोन ठेवला. आता ते दर डबलला फोन करतात. मी काहीच करत नाही. फक्त ऐकते आणि म्हणते, "हो दादा, मला माहीत आहे."